पहिला एकल हिप हॉप अल्बम : पाहुणे आवाज हवेत की नकोत?

जळगावकर :
आपल्या खानदेशात अहिराणीत रॅप करणाऱ्या मुलांची सुटी गाणी आता बऱ्यापैकी ऐकली जातात आणि त्यांतले काही जण पहिल्या अल्बमच्या तयारीला लागले आहेत. माझे स्पष्ट मत आहे की हा पहिला अल्बम आरंभापासून शेवटपर्यंत त्या रॅपरच्याच आवाजात असावा. केवळ व्ह्यूज वाढावेत म्हणून मुंबई-पुण्याच्या नावाजलेल्या रॅपरला त्यात कडवे देऊ नये. न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज वसाहतीत वाढलेल्या नास या रॅपरने १९९४ मध्ये ‘इलमॅटिक’ हा आपला पहिला अल्बम काढला, तेव्हा तो २० वर्षांचा होता. सुरुवातीचा तुकडा धरून अवघ्या १० ध्वनिमुद्रणांचा तो अल्बम ४० मिनिटांच्या आत संपतो आणि त्यात पाहुणा रॅपर म्हणून एकटा एझी आहे. ती वसाहत आपल्याला एकाच तरुणाच्या नजरेतून दिसते, म्हणूनच ती इतकी ठसते. आपल्या बहिणाबाईंनी लेवा गणबोलीला कुठेही मुरड घातली नाही, तरीही त्यांची गाणी साऱ्या महाराष्ट्राने आपली मानली. मग आपल्या मुलांनी पहिल्याच पावलाला दुसऱ्याचा आधार का शोधावा?

धुळ्याचा श्रोता :
जळगावकर, आपण दिलेल्या दोन्ही उदाहरणांची दुसरी बाजूही पाहायला हवी. ‘इलमॅटिक’मध्ये रॅप जवळजवळ एकट्याचा असला, तरी त्याचे संगीत लार्ज प्रोफेसर, डीजे प्रीमियर, पीट रॉक, क्यू-टिप अशा अनेक हातांनी घडवले आहे, आणि ज्या गाण्यात एझी आहे त्याच्या अखेरीस नासचे वडील, जॅझ वादक ओलू दारा, यांचे वादन ऐकू येते. बहिणाबाईंची गाणीही त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी आणि एका आप्ताने ऐकून उतरवून ठेवली होती, म्हणून त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने आपल्या हाती आली. एन. डब्ल्यू. ए. या अमेरिकन रॅप गटातून बाहेर पडलेल्या डॉ. ड्रे या रॅपर-निर्मात्याचा ‘द क्रॉनिक’ १९९२ च्या डिसेंबरात आला; तो त्याचा पहिला एकल अल्बम, पण त्यात जागोजागी आवाज आहे तो त्या वेळी फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या स्नूप डॉगचा. स्नूपला त्यातून वजा केले, तर त्या अल्बमचा जीवच निघून जाईल. तरीही तो ड्रेचाच अल्बम मानला जातो, कारण कोणता आवाज कोठे आणि किती वेळ येणार, हे ठरवणारा कान त्याचा होता. मुंबईचा रॅपर डिव्हाइन याचे नावही २०१५ मध्ये तिथल्याच नेझी या रॅपरबरोबरच्या गाण्याने देशभर गेले आणि त्यानंतर चार वर्षांनी, २०१९ मध्ये, त्याचा पहिला अल्बम ‘कोहिनूर’ आला. सोबतीने कोणी लहान होत नाही.

चाळीसगावकर :
मी घरच्या खोलीच्या भिंतींना गोधड्या लावून या मुलांचे आवाज रेकॉर्ड करतो, म्हणून प्रत्यक्ष अडचण मांडतो. पंख्याची घरघर माइकमध्ये येते, त्यामुळे तो बंद ठेवावा लागतो, आणि वैशाखात त्या खोलीत एक कडवे संपेपर्यंत मुलगा घामाने निथळतो. अशा वेळी तो ज्या चालीवर हात बसला आहे तीच प्रत्येक गाण्यात पुन्हा धरतो. अहिराणीत ‘शे’ (म्हणजे ‘आहे’) हे एका अक्षराचे क्रियापद ओळीच्या शेवटी ठोक्यावर नेमके बसते आणि पहिल्यांदा ऐकताना मजा येते. मात्र चौथ्या गाण्यातही प्रत्येक ओळ ‘शे’वरच आपटू लागली की कान कंटाळतो. त्यावर नावाजलेला पाहुणा हा उपाय नव्हे, परंतु दुसरा आवाज मात्र हवा. एका मुलाच्या आईने आणि मावशीने कानबाई या आपल्याकडच्या देवीच्या गाण्यांच्या ढंगात धृपद म्हटले, तेव्हा त्याच मुलाचा रॅप ताजा वाटू लागला आणि पुढचे कडवे त्याने आपण होऊन संथ लयीत घेतले.

नंदुरबारकर :
सोबत घ्यावी, हे मलाही मान्य आहे. पण सोबत देणाऱ्याचे नाव लिहिले जाणार का, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. फ्यूजीज या अमेरिकन हिप हॉप गटातील गायिका आणि रॅपर लॉरिन हिलचा पहिला एकल अल्बम १९९८ मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी त्याला सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी मिळाले. मात्र त्यावर काम केलेल्या काही संगीतकारांनी लेखनाच्या आणि निर्मितीच्या श्रेयासाठी दावा लावला होता आणि तो २००१ मध्ये न्यायालयाबाहेर मिटला. इतक्या मोठ्या ठिकाणी हे घडते, तर आपल्याकडे ढोलकीवाल्याला आणि कोरसमधल्या बायकांना कोण विचारतो? चाळीसगावकर भाऊ, त्या आई-मावशींची नावे गाण्याखाली लिहिली आहेत का? नसतील तर कृपा करून आधी ती लिहा, आणि गाण्याला पैसे मिळाले तर त्यांतला वाटाही त्यांना द्या.

जळगावकर :
घरच्या बायकांच्या धृपदाला माझा विरोध नाही, कारण तो आवाज त्या मुलाच्या अंगणातलाच आहे, आणि नावांबाबत नंदुरबारकरांचे म्हणणे मला पूर्णपणे पटते. धुळेकरांचा ड्रेचा दाखला मात्र आपल्या मुलांना लागू होत नाही. ड्रे तेव्हा प्रस्थापित होता आणि त्याने नवख्या मुलाला पुढे आणले. येथे नवखा मुलगाच प्रस्थापिताला बोलावतो. तो पाहुणा हिंदीत कडवे म्हणतो, लोक तेवढाच तुकडा मोबाइलवर फिरवतात आणि अहिराणीतली कडवी मागे पडतात.

धुळ्याचा श्रोता :
हा धोका मी नाकारत नाही. परंतु त्यासाठी पाहुण्याला दारच बंद करण्याऐवजी, त्याचे कडवे किती ओळींचे असेल आणि ते गाण्यात कोठे येईल, हे मुलाने रेकॉर्डिंगच्या आधीच ठरवून घ्यावे, आणि मोबाइलवर पाठवायचा तुकडा स्वतःच्या अहिराणी कडव्याचाच निवडावा. शिरपूरच्या किंवा साक्रीच्या मुलाला नाशिकपलीकडचा श्रोता मिळवायचा असेल, तर ही वाट मी त्याला बंद करणार नाही.