‘मायोनाका नो दोआ’: विरहाच्या गाण्याला नाचरा ताल का?

प्रश्न: जपानी गायिका मिकी मात्सुबारा यांचे ‘मायोनाका नो दोआ’ (मध्यरात्रीचे दार) हे १९७९ सालचे पदार्पणाचे गाणे मी सध्या वारंवार ऐकतो आहे. प्रियकर दुरावल्याची व्यथा मांडणाऱ्या शब्दांना पाय थिरकवणारा ताल दिला असूनही ही विसंगती खटकत नाही, याचे कारण काय असावे?

प्रतिसाद १: संगीतकार तेत्सुजी हायाशी यांनी डिस्कोचा ठेका, सोल या भावपूर्ण अमेरिकी गायनशैलीचा बाज आणि जॅझकडे झुकणारे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) एकत्र आणले आहेत. ठेका पुढे ओढत राहतो, तर कॉर्ड मन मागे खेचतात, आणि या ओढाताणीतच गाण्याची नायिका सापडते. मात्सुबारा तेव्हा जेमतेम विशीच्या होत्या, तरीही त्यांच्या आवाजात रडवेपणा अजिबात नाही. मला तर हाच या गाण्याचा खरा दागिना वाटतो.

प्रतिसाद २: गीतकार योशिको मिउरा यांच्या शब्दांकडेही लक्ष द्यावे. त्याच्या करड्या जॅकेटवरचा ओळखीचा कॉफीचा डाग, दुसऱ्या हिवाळ्यात दूर गेलेले त्याचे मन, आणि एकटेपणा विसरण्यासाठी लावलेल्या रेकॉर्डवर पुन्हा पुन्हा वाजणारी तीच धून, असे तपशील त्यांनी टिपले आहेत. शेवटी ध्रुवपद आळवत गाणे हळूहळू विरत जाते, तेव्हा ती रेकॉर्ड आपणच ऐकत आहोत असे वाटते.

प्रश्नकर्ता: रेकॉर्डचा हा धागा माझ्या ध्यानात आला नव्हता. २०२० साली हे गाणे जगभर नव्याने गाजले, ते दुर्दैवाने मात्सुबारा यांना पाहता आले नाही; त्यांचे २००४ मध्येच निधन झाले होते.