तीन कलमांत सहा वर्षं, मग वकील तीनच का म्हणतात?

द्राक्षवाला_पिंपळगाव:
सोमवारी आमच्या व्यापाऱ्याला शिक्षा झाली. २०१९ च्या हंगामात थॉमसन जातीच्या द्राक्षांचा माल उचलला, पैसे टाकल्याची बँकेची बनावट पावती दाखवली, मागायला गेलो तर वडिलांना जिवे मारायची धमकी. कलम ४२० (फसवणूक) खाली तीन वर्षं, ४७१ (बनावट कागद वापरणं) खाली दोन, ५०६ (धमकी) खाली एक, सगळी सक्तमजुरी, वर प्रत्येकी पाच हजार दंड. नाशिकच्या सीबीएस बस स्थानकावर चहा घेता घेता मी घरी फोन केला, "सहा वर्षं गेला आत!" शेजारून वकील म्हणाले, तीनच धर. मग बाकीची कलमं काय शोभेला? शिक्षा कमी म्हणून अपील करता येतं का?

निफाडकर:
शिक्षा झाली हेच नशीब समजा. आम्हाला बुडवणारा व्यापारी जामिनावर दुसरी बाग बघत फिरतोय.

जुना_बेंच_क्लार्क:
भाऊ, निकालाची नक्कल काढा आणि शेवटचं पान आधी वाचा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३१ असं की न्यायाधीशांनी काही लिहिलं नाही तर शिक्षा एकापाठोपाठ एक. 'एकत्रित भोगाव्यात' असं लिहिलं की तिन्ही एकाच दिवशी सुरू होतात, मोठी संपली की सुटका. त्या एका शब्दासाठी आरोपीचे वकील शेवटच्या पाच मिनिटांत जिवाचं रान करतात, हे मी खाली बसून टाइप करताना पाहिलंय. आधी नाशिकरोड तुरुंगात कच्चा कैदी म्हणून काढलेले दिवसही त्याच संहितेच्या कलम ४२८ प्रमाणे वजा होतील.

दंड भरला नाही तर त्याची कैद मात्र वेगळी, ती यात मिसळत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये महाराष्ट्रातल्याच प्रकरणात ते स्पष्ट केलंय.

आणि बाकीची कलमं शोभेला नाहीत हो. वरच्या कोर्टात ४२० टिकलं नाही, तरी ४७१ ची दोन वर्षं उरतात.

शिक्षा कमी म्हणून अपील फक्त सरकार करू शकतं, जुन्या संहितेचं कलम ३७७. तुम्ही सरकारी वकिलांना गाठा. जुन्या ३७२ खाली तुम्हाला जाता येतं ते भरपाई अपुरी वाटली तर.

द्राक्षवाला_पिंपळगाव:
नक्कल मिळाली. 'एकत्रित' आहेच. वडिलांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि विचारलं, "दंडाचे पंधरा हजार आपले का सरकारचे?"

जुना_बेंच_क्लार्क:
निकालात कलम ३५७ चा, म्हणजे दंडातून भरपाई देण्याचा, उल्लेख शोधा. असेल तर जेवढे लिहिलेत तेवढे तुमचे. नसेल तर सरकारजमा.