आरव्हीने अमेरिका आडवी: रस्ता कसा निवडलात?

मंडळी, जून आला की 'आई-बाबा आलेत, आरव्ही भाड्याने घेतोय, कुठल्या रस्त्याने जाऊ?' ही विचारणा सुरू होते. आरव्ही म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी. नकाशा सगळ्यांकडे आहे. त्या रस्त्यावर तुमच्या गाडीचं काय झालं ते लिहा, लांबी-उंचीसकट. सुरुवात माझ्यापासून.

न्यू जर्सी, २५ फुटी
यलोस्टोनचे रस्ते तोंडपाठ करून निघाले आणि पहिल्या तासातच अडकले. बहिणीला वेस्टचेस्टरहून घ्यायचं होतं. फोनला वाटलं ही मोटारच. त्याने थेट पार्कवेवर, म्हणजे फक्त मोटारींसाठीच्या रस्त्यावर, घातलं. तिथले दगडी कमानीचे पूल बुटके, आरव्हीला मनाई. कमान दिसली तेव्हा कडेला थांबून दिवे लुकलुकवत बसलो. पोलिसांनी मागची वाहतूक अडवली आणि नवऱ्याने खाली उतरून 'येऊ दे, येऊ दे' करत गाडी उलटी रॅम्पपर्यंत नेववली. आता स्टिअरिंगजवळ चिठ्ठी असते: उंची ११ फूट ६ इंच.

शिकागो, ३० फुटी
नेब्रास्कात आय-८० हा इंटरस्टेट (मोठा महामार्ग) सोडून यूएस-२० हा जुना हायवे घ्या. व्हॅलेंटाइनच्या आसपास मैलोन् मैल वाळूच्या टेकड्या, पण वर गवत; वारा आला की सगळा डोंगर हलतोय असं वाटतं. येताना वेळ वाचवायला आय-८०ने आलो, तर वायोमिंगात रॉलिन्सला फलक: वाऱ्यामुळे हलक्या, उंच गाड्यांना पुढे लॅरमीपर्यंत बंदी. रात्र ट्रकथांब्यावर काढली. गाडी पाळण्यासारखी हलत होती, सासूबाईंची रामरक्षा चालू.

मिनियापोलिस, २८ फुटी
आय-९०ने बॅडलँड्स, पुढे वायोमिंगातला बिगहॉर्न डोंगर. तो ओलांडायला तीन रस्ते: उत्तरेला १४-ए, मधे १४, दक्षिणेला १६. माझा जीव १४-एवर. देखावा सगळ्यात भारी म्हणे. पण त्याला पश्चिमेच्या अंगाला १० टक्के उतार आहे. बाबा चिपळूण आगारातून एसटी चालवून निवृत्त झालेले. त्यांनी फोटो पाहिलेच नाहीत. "दहा फुटाला एक फूट? आणि किती मैल?" एवढंच विचारलं. १६ घेतला, तिघांत तोच सौम्य.

पावडर रिव्हर पास, ९,६६६ फूट, आरामात चढलो. पलीकडे टेन स्लीप कॅनियनमध्ये उतरताना मी ब्रेकवर पाय ठेवून होतो. कडे बघायचे होते ना. थोड्या वळणांनंतर जळका वास. बाबा कडाडले, "अरे, कुंभार्ली घाट विसरलास? ज्या गिअरवर चढलास त्याच गिअरवर उतरायचं!" गिअरच्या दांड्यावरचं, ओझं नि उतारासाठी असलेलं टो-हॉलचं बटण तोवर मी दाबलंच नव्हतं. दाबलं, गिअर खाली घेतला, इंजिन गुरगुरायला लागलं आणि गाडीने स्वतःलाच धरून ठेवलं. टेन स्लीप गावात बाबा उतरले, एकेका चाकाजवळ हात नेऊन पाहिला. "पुढचं डावं तापलंय," म्हणाले आणि चहा मागितला.

सिॲटल, २४ फुटी
मोंटानातल्या ग्लेशियर पार्कच्या गोइंग-टू-द-सन रोडवर मधल्या घाटात २१ फुटांपेक्षा लांब किंवा आरशांसकट ८ फुटांपेक्षा रुंद गाडी चालत नाही. आम्ही तीन फुटांनी नापास. चडफडत गाडी ॲपगारला ठेवली आणि पार्कच्या बसने गेलो. सगळ्या सहलीत दरी मी नीट पाहिली ती तेवढीच, कारण स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात होतं.

फिनिक्स, २५ फुटी
नेवाडातला यूएस-५०. 'लाइफ' मासिकाने १९८६ मध्ये त्याला सगळ्यात एकाकी रस्ता म्हटलं, तर राज्याने तेच बिरुद फलकांवर मिरवलं! खिंड, सपाटी, पुन्हा खिंड. ऑस्टिन ते युरेका सुमारे ७० मैल पंप नाही. आरव्ही पेट्रोल पिते, घाटात तर ढोसते. अर्ध्या टाकीला भरा.

डॅलस
आमचं मत वेगळं. लांब पल्ला मुकाट्याने इंटरस्टेटने, देखाव्याच्या गावी मुक्काम ठोकून छोटी गाडी भाड्याने. ज्येष्ठांना दिवसभर हलत्या डब्यात बसवू नका. कमरेचं दुखणं मागाहून कळतं.

न्यू जर्सी, पुन्हा
मिनियापोलिस, बाबांना विचारा ना: जुलैत बेअरटूथ खिंडीत, १०,९४७ फुटांवर, २५ फुटी न्यावी का?

मिनियापोलिस
विचारलं. ब्रेक शेवटचे कधी बदलले, म्हणतायत. भाड्याची आहे म्हटल्यावर उत्तर आलं, "मग खाली रेड लॉज गावातच लावून ठेवायला सांग."