आगमनकाळ : तुम्ही वाट कशी पाहिलीत?

संत आंद्रेयाच्या सणाच्या, म्हणजे ३० नोव्हेंबरच्या, आगेमागे येणाऱ्या रविवारी आगमनकाळ लागतो, म्हणजे नाताळाची वाट पाहण्याचे चार आठवडे. वेदीवर जांभळं कापड येतं, रविवारच्या मिस्सेतलं, म्हणजे उपासनेतलं, ग्लोरिया हे स्तुतिगीत नाताळपर्यंत थांबतं, चार रविवारी एकेक करून चार मेणबत्त्या पेटतात. बाहेर मात्र नोव्हेंबरातच सांताच्या टोप्या लटकू लागतात. १० डिसेंबरपर्यंत आपल्या दोन-तीन नाताळ पार्ट्या उरकलेल्या असतात आणि २५ तारखेला सगळे दमलेले. मला याचं मनापासून वाईट वाटतं. ते चार आठवडे आपण उडी मारून ओलांडतो.

म्हणून विचारतेय. नाताळबद्दल नको, त्याआधीच्या दिवसांबद्दल लिहा. कॅथलिक असा, प्रोटेस्टंट असा. ज्याची वाट पाहिली ते आलंच असलं पाहिजे असंही नाही.

सुरुवात मी करते. वसईत आमच्या घरी आई ८ डिसेंबरला, मरियामातेच्या सणाला, येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यासाठी गहू पेरायची. रात्रभर भिजवलेले गहू, करवंटीत माती, वर पालथी टोपली. अंधारात वाढलेले कोंब पिवळट येतात, हाताला रेशमासारखे लागतात. सात वर्षांची असताना मी माझ्या करवंटीतली माती रोज उकरायचे. चौथ्या दिवशी पांढरं मूळ दिसलं आणि माझ्याच बोटाने तुटलं. आई रागावली नाही. "परत पेरू. पण आता टोपली उचलायची नाही," एवढंच म्हणाली. त्या वर्षी माझे गहू सगळ्यांत बुटके राहिले. आईने ती करवंटी गव्हाणीला अगदी चिकटून ठेवली. २४ च्या रात्रीपर्यंत आमच्याकडे गव्हाणी बाळ येशूविना रिकामी असते. त्या रिकाम्या गव्हाणीकडे बघत जेवलेलं मला अजून आठवतं.

*

सावंतवाडी. आमचा आगमनकाळ १९९० साली ऑगस्टमध्येच लागला. पप्पा कुवेतला होते. २ ऑगस्टला इराकचं सैन्य शिरलं आणि फोन मेले. पत्र नाही, तार नाही. मम्मी रोज संध्याकाळी आम्हां तिघांना गुडघ्यावर बसवून रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायची आणि शेवटी पप्पांचं नाव घ्यायची. धाकटा भाऊ मध्येच झोपायचा, तिने त्याला कधी उठवलं नाही. रात्रीच्या जेवणाला पप्पांचं ताट मांडलं जायचं. शेजारची काकी एकदा म्हणाली, "अगं, असं रिकामं ताट मांडू नये." मम्मीने त्यात एक चपाती ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आम्ही चहात बुडवून खायचो. असं दोन महिने चाललं.

लाखाच्या वर भारतीय तेव्हा बगदादमार्गे अम्मानला पोचले आणि तिथून एअर इंडियाच्या विमानांनी मुंबईला आले. पप्पा ऑक्टोबरात आले. एक पिशवी, वाढलेली दाढी, अंगावर दुसऱ्याचा शर्ट. कमावलेलं सगळं तिथेच राहिलं. त्या डिसेंबरात घरात नवे कपडे नव्हते, नेवऱ्याही शेजारून आल्या. पण पहिल्या रविवारी मेणबत्ती पेटली तेव्हा मम्मी रडली. परतल्याच्या दिवशीही ती रडली नव्हती. मला कारण तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, वाट पाहताना धरून ठेवलेलं सगळं तिने त्या दिवशी सोडलं असावं.

*

अहिल्यानगर. आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, जांभळ्या रंगाचं फारसं नव्हतं. आजी मात्र डिसेंबर आला की टिळकांची गोष्ट सांगायची. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, म्हणजे ते ख्रिस्ती झाले, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या काळात ताटातूट, मनस्ताप, सगळं झालं. आजी म्हणायची, "आपणच देवाची वाट बघतो असं नाही गं, तोही आपली बघतो. आणि त्याला घाई नसते." एवढंच लिहायचं होतं.

*

मी मिरजेला नर्स आहे, बावीस वर्षं. बायबलमधल्या स्तोत्र १३० मध्ये पहाटेची वाट पाहणारे पहारेकरी आहेत ना, ते मला नाइट ड्यूटीत कळले. पहाटे चारचा सुमार सगळ्यांत जड. एकदा एका लहान मुलाचा ताप उतरत नव्हता. त्याची आई दर पाच मिनिटांनी विचारायची, "सिस्टर, उजाडलं का?" मी खिडकीकडे बघून म्हणायचे, "उजाडेल." ताप उतरेल असं मी तिला कधीच म्हटलं नाही, ते माझ्या हातात नव्हतं. पण उजाडेल याची खात्री होती. पहारेकऱ्यालाही पहाट होईल की नाही हा प्रश्न नसतो, अजून किती वेळ एवढाच असतो. माझ्या मते ख्रिस्ती आशा ती हीच. मूल बरं होऊन घरी गेलं.

*

नाव-गाव नको. १९ डिसेंबरच्या मिस्सेत बायबलमधल्या जखऱ्या आणि अलिशिबा या नवरा-बायकोचं वाचन असतं. त्यांना म्हातारपणी मूल होतं ते. लग्नाला अकरा वर्षं झाली तोवर मी त्या दिवशी मिस्सेला जायचं टाळत होते. बायका मायेने हात धरून "तुझंही होईल बघ" म्हणायच्या. तेच सोसायचं नाही. आम्हांला मूल झालं नाही. गेल्या तीन वर्षांपासून १९ तारखेला जाते. मागच्या बाकावर बसते. अलिशिबा पाच महिने कुणासमोर आली नाही, ते वाक्य आलं की मान वर करते.

*

हॅम्बर्गहून लिहितोय, मूळचा वसईचाच. आगमनकाळातल्या मेणबत्त्या ज्यावर लावतात ते कडं याच शहरातलं. १८३९ साली विखेर्न नावाचे पाद्री इथे निराधार मुलं सांभाळायचे. नाताळ कधी, नाताळ कधी, म्हणून मुलं भंडावून सोडायची. त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रविवारच्या मोठ्या पांढऱ्या, बाकीच्या दिवसांच्या लहान लाल. रोज एक पेटवायची, म्हणजे मुलांना मोजता येईल.

ताई, तुमचं वाचून काल गहू भिजवले. करवंटी नाही मिळाली, दह्याच्या डब्यात पेरले. इथे चारलाच अंधार पडतो. मुलगी पाच वर्षांची आहे, सकाळपासून दोनदा टोपली उचलून झाली. अजून काही दिसत नाही.