'विटनेस'ची मराठी उपशीर्षकं: इंग्लिश, वाळीत, इर्जिक

प्रश्न: पीटर वीअरच्या 'विटनेस' (1985) या चित्रपटात अमेरिकेतल्या लँकेस्टर काउंटीतले आमिश (जुन्या, साध्या राहणीचा ख्रिस्ती पंथ) बाहेरच्या प्रत्येकाला 'इंग्लिश' म्हणतात. तिथे 'इंग्रज' चालेल? आणि 'शनिंग'ला (पंथातून काढलेल्याला टाळणं) 'बहिष्कार'?

– 'इंग्रज' नकोच. फिलाडेल्फियाचा पोलीस इंग्रज म्हटला की आपला प्रेक्षक थेट ईस्ट इंडिया कंपनीत पोचतो. पहिल्यांदा 'बाहेरचे इंग्लिश लोक', मग नुसतं 'इंग्लिश'. त्यांच्या भाषेच्या 'पेनसिल्व्हेनिया डच' या नावालाही फसू नका. ती जर्मनची बोली, हॉलंडशी संबंध नाही.

– 'बहिष्कार' अर्धवट आहे. त्यांच्याकडे शब्द दोन. 'बान' म्हणजे मंडळीतून काढल्याचा निर्णय; 'माइडुंग' म्हणजे त्यानंतरचं रोजचं टाळणं. पहिल्याला बहिष्कार, दुसऱ्याला 'वाळीत टाकणं'. म्हातारा एली सून रेचेलला बजावतो ते दुसरं: तुझ्यासोबत एका टेबलाशी बसता येणार नाही, तुझ्या हातून काही घेता येणार नाही. याच टाळण्याच्या कडकपणावरून 1693 साली याकोब आमानचा गट (म्हणजेच आमिश) वेगळा झाला. 'जातीबाहेर' मात्र लिहू नका. माइडुंग लागतं ते मोठेपणी, राजीखुशीने बाप्तिस्मा घेतलेल्यालाच. नुसत्या जन्माने नाही.

– नवविवाहित जोडप्यासाठी सगळे मिळून कोठार उभारतात, त्या प्रसंगाला 'कोठार बांधणी' म्हणजे ठेकेदाराचं काम वाटतं. 'कोठाराची इर्जिक' करा. मजुरी नाही, जेवण घरधन्याचं.

– 'सावड' का नको?

– सावडीत आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या, असा चोख हिशेब असतो. इर्जिकीत तो नसतो. अडचण एकच, इर्जिक नांगरणी-पेरणीची. पण पडद्यावर लाकडी सांगाडा उभा राहताना दिसतोय, प्रेक्षक जुळवून घेईल.

– सायलोला (धान्य साठवायच्या उंच मनोऱ्याला) 'पेव' लिहिलेलं पाहिलंय. चूक. पेव जमिनीखाली, आणि त्यात माणूस जातो तो कोंडलेल्या हवेने. इथे उंच सायलोत वरून मका कोसळतो आणि माणूस गाडला जातो. 'सायलो'च ठेवा.

– शीर्षक 'साक्षीदार' की 'प्रत्यक्षदर्शी'?

– 'साक्षीदार'. एकवचन-अनेकवचन एकच. सुरुवातीला स्टेशनच्या स्वच्छतागृहात खून पाहणारा आठ वर्षांचा सॅम्युएल एकटाच साक्षीदार. शेवटी तोच घंटा वाजवतो, शेतातून शेजारी धावत येतात आणि बंदूकवाल्यापुढे सगळेच साक्षीदार. 'प्रत्यक्षदर्शी' बातमीत शोभतो.