माणसं वाढवून काय होणार?

गेम बनवणाऱ्यांनी टीम दुप्पट केली की डीएलसी (मूळ गेमवर वेगळे विकत घ्यायचे जादा भाग) आपोआप सुधारतील, असं काहीजण म्हणतात; ते काही पटलं नाही. मी इथे अंबडला सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. रिलीजच्या तोंडावर नवी पोरं आली की जुन्यांचा निम्मा दिवस त्यांना कोड समजावण्यातच जातो, आणि बग तिथल्या तिथे.

स्टेलारिस या अंतराळातल्या स्ट्रॅटेजी गेमवाल्यांनी २०२१ मध्ये केलं ते जास्त शहाणपणाचं. नवं एक्सपान्शन (मोठा डीएलसी) करणारे वेगळे, जुन्याची डागडुजी करणारी 'कस्टोडियन' टीम वेगळी. त्याच सप्टेंबरातल्या ३.१ अपडेटमध्ये प्लँटॉइड्स या वनस्पतींसारख्या प्रजातींच्या जुन्या पॅकला (तोवर नुसता चित्रांचाच मामला होता!) फोटोट्रॉपिक, बडिंग असे ट्रेट्स, म्हणजे प्रजातीचे खेळात उपयोगी पडणारे गुण, मिळाले. ज्यांनी पॅक आधीच घेतला होता, त्यांना वर एक रुपयाही मोजावा लागला नाही.