प्रतिसाद: चोक ओढल्याशिवाय प्रेशर वॉशरचं इंजिन चालत नाही

रावेरच्या भाऊंनी लिहिलंय की पेट्रोलवरचा प्रेशर वॉशर (जोराच्या पाण्याने धुण्याचं मशीन) गेल्या खरिपापासून पडून होता, आता अर्धा चोक (हवा कमी करणारी झडप) ठेवला तरच चालतो, चोक उघडला की इंजिनाचा वेग वरखाली होतो आणि गन दाबली की बंद पडतं. वर काहींनी गव्हर्नरची (इंजिनाचा वेग आवरणाऱ्या भागाची) स्प्रिंग ताणायला सांगितलंय. कृपा करून ते करू नका, बिनभाराचं इंजिन हद्दीबाहेर पळेल.

चोकवर चालतंय म्हणजे पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जादा हवा शिरतेय. पडून राहिलेल्या पेट्रोलचा चिकटा आधी कार्बोरेटरच्या पायलट जेटमध्ये, म्हणजे मंद वेगाला पेट्रोल देणाऱ्या बारीक भोकात बसतो. पेट्रोलमधलं इथेनॉल ओलावा धरतं, म्हणून बाऊलच्या (कार्बोरेटरखालच्या वाटीच्या) तळाशी पाण्याचे थेंबही दिसतील.

पेट्रोलचा कॉक बंद करा, १० चा पाना लावून बाऊल उतरवा. मेन जेट (पेट्रोलचं मुख्य भोक) आणि त्यामागची भोकाभोकांची पितळी नळी काढा. पायलट जेट बहुतेक मशीनमध्ये आयडल स्क्रूखाली, काळ्या प्लॅस्टिक टोपीचा असतो. लोक नेमका तोच विसरतात. दोन्ही जेट उजेडासमोर धरा, आरपार गोल भोक दिसलं पाहिजे. वायरीतली तांब्याची एक बारीक तार फिरवा, कार्बोरेटर क्लीनर मारा. सुई नको, भोक मोठं होतं.

बसवताना इंजिनाकडचं गॅस्केट फाटलेलं असेल तर बदलाच. प्लगचा गॅप ०.७ ते ०.८ मिमी. काही वेळ चालून बंद पडत असेल तर टाकीचं झाकण सैल करून बघा, हवेचं भोक धुळीने बुजतं.

इतकं करूनही फक्त गन दाबल्यावर दम सोडत असेल, तर मात्र पंपाचा अनलोडर व्हॉल्व्ह (गन बंद असताना पाणी परत फिरवणारी झडप) तपासा.